पायरीवरचा भेक: सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पहिला दणदणीत पाऊस झाला की रात्री साडेनऊनंतर माझा फोन वाजायला लागतो. ‘सर, दारात बेडूक आलाय, विषारी आहे का?’ इथून सुरुवात होते आणि गाडी थेट किल्लारीच्या भूकंपापर्यंत जाते. दरवर्षी तेच ते सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवतो. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत आहेत. आधी एवढंच सांगतो की मोबाइलवर भेकाबद्दल फिरणाऱ्या बऱ्याच गोष्टी खऱ्या असतात, फक्त त्या भलत्याच देशातल्या भलत्याच भेकाच्या असतात.

१. भेक म्हणजे बेडूकच ना? मग वेगळं नाव कशाला?

भेक हा बेडकांच्याच मोठ्या गणातला. पण त्याचं कूळ वेगळं, शास्त्रीय भाषेत ‘ब्युफोनिडी’. खरे भेक म्हणतात ते हेच. जगभरात त्यांच्या सहाशेहून जास्त प्रजाती आहेत. अंग कोरडं आणि खडबडीत, मागचे पाय आखूड, त्यामुळे लांब उडी नाही, नुसत्या टुणटुण उड्या. तोंडात एकही दात नाही. डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना शेंगदाण्यासारख्या फुगीर गाठी असतात, त्या विषग्रंथी.

आपल्याकडे बोलण्यात सगळेच बेडूक. पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘कप्पा’, अक्कलकोटकडच्या कन्नड घरांत ‘कप्पे’, आणि तिथेही हा आणि तो वेगळा काढत नाहीत. ‘भेक’ हा शब्द पाठ्यपुस्तकातला आहे, मान्य. पण पुढच्या उत्तरांत फरक महत्त्वाचा आहे, म्हणून तोच वापरतो.

२. जुळे सोलापुरात राहतो. पायरीवरच्या लाइटखाली रोज रात्री एकच जाडजूड प्राणी येऊन बसतो. हा कोणता?

बहुतेक आपला साधा भारतीय भेक. वरून डोकं बघा. नाकापासून डोळ्यांवरून मागे जाणारे काळे कंगोरे दिसतील, काजळाने रेघ ओढल्यासारखे. पाठीवरच्या पुटकुळ्यांची टोकंही काळी असतात. १७९९ मध्ये श्नायडर या जर्मन अभ्यासकाने त्याला नाव दिलं. आज तो ‘डटाफ्रायनस’ या प्रजातीसमूहात मोडतो, आणि ते नाव सुशील कुमार दत्ता या भारतीय बेडूकतज्ज्ञांवरून ठेवलेलं आहे.

डोक्यावर कंगोरे नसतील, अंगावर फिकट पार्श्वभूमीवर हिरवट-करडे ठिपके असतील, तर तो संगमरवरी भेक. कोरड्या मुलखाचा. फोटो पाठवताना समोरून ‘पोज’ घेऊ नका, डोक्याचा वरून घ्या. निम्मे फोटो केवळ त्यामुळे वाया जातात.

रोज तोच येतो का? शक्य आहे. लाइटखाली किडे पडतात हे त्याला कळलेलं असतं.

३. एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४३-४४ वर जातो. तेव्हा हे कुठे असतात? पाणी कुठून पितात?

हा माझा आवडता प्रश्न आहे, त्यामुळे उत्तर लांबेल.

भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाखाली, मागच्या मांड्यांच्या बेचक्यात त्याची कातडी पातळ असते आणि तिथे रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. ओल्या मातीवर तो पाय फाकून, पोट टेकून बसतो आणि ओल शोषून घेतो. कुंडीच्या खालच्या थाळीत भेक बसलेला दिसला तर तो गार व्हायला बसलेला नाही, पाणी पितो आहे.

प्यायलेलं पाणी मूत्राशयात साठतं. ते मूत्राशय म्हणजे त्याची छागळ. अंगातलं पाणी कमी झालं की तिथलं पातळ पाणी परत रक्तात ओढलं जातं. मेमध्ये तो माठाच्या तिवईखाली, न्हाणीच्या मोरीजवळ, पडक्या भिंतीच्या सांदीत किंवा मऊ मातीत अंग पुरून बसतो आणि जमेल तेवढा काळ हीच शिदोरी पुरवतो. वर्षाला साडेपाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जगायचं तर अशी सोय लागतेच.

या मूत्राशयाने वैद्यकशास्त्रावर मोठे उपकार केले आहेत. बोस्टनमध्ये अलेक्झांडर लीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकापासून भेकाच्या मूत्राशयाचा पातळ पडदा दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवला आणि त्यातून मीठ-पाणी कसं जातं ते मोजलं. व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक घातलं की पडदा पाणी भराभर सोडायला लागतो. आपल्या मूत्रपिंडातल्या नळ्याही याच संप्रेरकावर पाणी राखतात. लघवी घट्ट होते म्हणजे नेमकं काय होतं, याची उकल बरीचशी या पडद्यावर झाली.

४. हातात घेतला तर विष चढतं का? आणि अंगावर मुतला की चामखीळ येते हे खरं का?

दोन्ही नाही. चामखीळ विषाणूमुळे येते, आणि तो माणसाकडूनच माणसाला लागतो. भेकाच्या पुटकुळ्या या त्याच्या ग्रंथी, रोग नव्हे. उचलल्यावर तो जे सोडतो ते मूत्राशयातलं साठवणीचं पाणी असतं (प्रश्न ३). म्हणजे तुम्ही घाबरलात तेवढंच, पण त्याची उन्हाळ्याची शिदोरी सांडली. म्हणून उगाच उचलू नये.

विष मात्र खरं आहे. ते दंशाचं नाही, खाणाऱ्यासाठी आहे. डोळ्यांमागच्या ग्रंथी दाबल्या की पांढरट, दुधासारखा चिकट स्राव येतो. धडधाकट कातडीतून तो सहसा आत जात नाही, पण डोळ्यात, तोंडात किंवा जखमेवर गेला तर आग होते. हात साबणाने धुवा, तोवर डोळे चोळू नका. डोळ्यात गेलंच तर भरपूर पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा.

५. आमच्या कुत्र्याने भेक तोंडात धरला, आता फेस येतोय. काय करू?

आधी हे करा, बाकीचं नंतर वाचा. कुत्र्याचं तोंड खाली झुकवून बाजूने पाण्याची बारीक धार सोडा, म्हणजे पाणी घशात जाणार नाही. ओल्या फडक्याने हिरड्या आणि जीभ पुसा, फडकं धुऊन पुन्हा पुसा. दूध, तूप, मिठाचं पाणी काही पाजू नका.

आपल्या भेकाने बहुतेक वेळा लाळ आणि फेसावरच भागतं. पण उलट्या, झोकांड्या, थरथर, झटके किंवा छातीची वेडीवाकडी धडधड दिसली तर वाट न बघता पशुवैद्याकडे न्या. पिल्लू असेल किंवा भेक गिळलाच असेल, तर लक्षणांची वाट बघूच नका.

६. एवढं विष असतं तर नाग त्याला कसा खातो? आणि भेक हाकलले तर साप यायचे थांबतील का?

भेकाचं मुख्य विष पेशींवरच्या सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटून तो बंद पाडतं. हृदयाची लय बिघडते ती त्यामुळे. भेक खाणाऱ्या अनेक सापांमध्ये या पंपाच्या नेमक्या त्या जागेवरची एक-दोन अमिनो आम्लं बदललेली आढळली आहेत. कुलूप बदललं की किल्ली लागत नाही, तसं. आग्नेय आणि पूर्व आशियातले काही पाणसाप तर खाल्लेल्या भेकांचं विष स्वतःच्या मानेतल्या ग्रंथींत साठवून वापरतात.

दुसऱ्या भागाचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर: नाग आणि नानेटी भेक खातात हे खरं. पण घराजवळ नाग येण्याचं मोठं कारण उंदीर, आणि उंदरांचं कारण धान्य, कचरा, विटांचे ढीग. भेक पोत्यात भरून हिप्परग्याला सोडून येणारे लोक मला माहीत आहेत. अडगळ तशीच राहते, महिन्याभरात नवे भेक येतात. अडगळ काढा.

७. भेकाच्या विषापासून कॅन्सरचं औषध निघालंय म्हणे?

निघालेलं नाही. चीनमध्ये तिथल्या भेकाचा वाळवलेला स्राव ‘चान सू’ या नावाने शतकानुशतकं औषधात वापरतात. त्यातला ‘ब्युफॅलिन’ हा घटक प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या कर्करोगपेशी मारतो, आणि बातमी तिथून उठते. बशीत पेशी मारणारे पदार्थ पुष्कळ आहेत. माणसांवर स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठी नेहमीच्या औषधासोबत भेकस्रावापासूनचं इंजेक्शन देऊन चाचणी झाली, तेव्हा त्याने फायदा वाढला नाही.

उलट बाजूही ऐका. न्यूयॉर्कमध्ये १९९३ ते १९९५ दरम्यान कामोत्तेजक म्हणून विकली जाणारी एक वडी पाच धडधाकट पुरुषांनी पोटात घेतली, त्यातले चार दगावले. वडीत भेकाच्या विषातली द्रव्यं होती. हृदयरोगावरच्या डिजॉक्सिन गोळीशी हे विष इतकं मिळतंजुळतं आहे की डिजॉक्सिनचा उतारा भेकाच्या विषबाधेतही वापरला जातो. लाओसमध्ये भेक आणि त्याची अंडी खाऊन मृत्यू झाले आहेत. शिजवल्याने हे विष जात नाही.

८. भेक चाटला की किक बसते का?

नाही. तो वेगळा भेक, अमेरिका-मेक्सिकोच्या सोनोरा वाळवंटातला. आपल्याकडचा चाटलात तर प्रश्न ५ मधल्या कुत्र्यासारखं होईल.

९. घरामागच्या डबक्यात शेकडो काळे किडे एकत्र फिरतात. डासांच्या अळ्या आहेत का? औषध टाकू का?

नका टाकू. डासांच्या अळ्या सुटसुटीत लटकतात आणि हलवलं की वळवळत खाली जातात. काळेकुट्ट, गोल डोक्याचे, थव्याने फिरणारे जीव म्हणजे भेकाची पिल्लं. अंडी बघायची तर पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या सकाळी बघा. पाण्यातल्या गवताला गुंडाळलेल्या लांब, पारदर्शक दोऱ्या, आत काळ्या मण्यांची रांग. हरवलेल्या जपमाळेसारख्या दिसतात. एक-दोन दिवसांत फुटतात. महिना-दीड महिन्यात, कधी जास्त दिवसांनी, नखाएवढे भेक बाहेर पडतात. डबकं आधीच आटलं तर सगळा खेळ संपतो, आणि सोलापुरात ते अनेकदा आटतं.

या थव्यांवरचं सुंदर काम आपल्या शेजारीच झालंय, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात, प्राध्यापक सैदापूर यांच्या गटात. त्यांनी याच भारतीय भेकाची पिल्लं तीन प्रकारे वाढवली: नुसत्या भावंडांत, भावंडं आणि परकी जाळीने वेगळी ठेवून, आणि अगदी एकटी. खायला उकडलेला पालक. मग लांबट टाकीच्या एका टोकाला भावंडं, दुसऱ्या टोकाला परकी ठेवून मधलं पिल्लू कुठे जास्त वेळ काढतं ते पाहिलं. जन्मापासून एकटं वाढलेलं, भावंड कधी न पाहिलेलं पिल्लूसुद्धा भावंडांच्या टोकाला जास्त रेंगाळलं. हा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. टाकी, जाळी आणि पालक. मला अशा कमी खर्चाच्या विज्ञानाचं फार कौतुक आहे.

१०. बेडकांना संपवणारी बुरशी आली आहे असं वाचलं. सोलापुरातले भेक मरतील का?

बुरशीचं नाव लांबलचक आहे, थोडक्यात ‘कायट्रिड’. १९९८-९९ मध्ये तिची शास्त्रीय ओळख पटली. ती पाण्यातून पोहत येणाऱ्या बीजाणूंनी पसरते आणि कातडीच्या वरच्या थरात वाढते. भेक कातडीनेच पाणी आणि क्षार सांभाळतो (प्रश्न ३), त्यामुळे कातडी बिघडली की रक्तातलं सोडियम-पोटॅशियम घसरतं आणि शेवटी हृदय थांबतं. २०१८ मध्ये जनुकांच्या तुलनेतून तिचं मूळ पूर्व आशियात, कोरियाच्या बाजूला असल्याचं दिसलं. २०१९च्या आढाव्यानुसार जगात किमान ५०१ उभयचर प्रजाती तिच्यामुळे घटल्या आणि त्यांपैकी ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं.

खऱ्या भेकांना तिचा चांगलाच फटका बसला. अमेरिकेच्या रॉकी पर्वतातले भेक ओढ्याओढ्यातून गेले. टांझानियातल्या किहान्सी धबधब्याच्या तुषारांत राहणारा, अंडी न घालता थेट पिल्लं देणारा इवलासा भेक धरणामुळे तुषार आटल्यावर आणि बुरशी आल्यावर जंगलातून संपला. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांत तो जगवला होता, तिथून २०१२ मध्ये परत सोडला गेला. कोस्टारिकाचा सोनेरी भेक १९८९ नंतर कुणालाही दिसला नाही. त्यात दोष बुरशीचा किती आणि कोरड्या पडलेल्या हवेचा किती, यावर अजून वाद आहे.

आता आपलं. पश्चिम घाटात ही बुरशी सापडली आहे, २०११ पासून नोंदी आहेत, उत्तर भागातल्या अभ्यासात पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. पण तिकडे जी झाडून मरतूक झाली तशी भारतात नोंदलेली नाही. आशियातले बेडूक आणि ही बुरशी जुने शेजारी आहेत, हे एक संभाव्य कारण. शिवाय तिला १७ ते २५ अंश मानवतं, २८च्या पुढे ती वाढत नाही आणि ३७ अंशांत काही तासांत मरते. सोलापूरचा मे तिच्या तब्येतीला झेपणारा नाही. मात्र भेक उन्हाळ्यात उन्हात बसत नाही, गार सांदीत बसतो. त्यामुळे ‘आपल्याकडे शक्यच नाही’ असं मी म्हणणार नाही.

११. तळ्याकाठी दहा-बारा भेक मेलेले दिसले. हीच बुरशी का?

नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. त्यासाठी कातडीवरून कापसाचा बोळा फिरवून डीएनए तपासावा लागतो. आधी साधी कारणं बघा: पावसाळी रात्री गाड्यांखाली चिरडलेले, शेतात नुकतीच झालेली फवारणी, पाण्यात सोडलेलं सांडपाणी. मेलेल्यांना उघड्या हाताने उचलू नका. वरून आणि पोटाकडून फोटो घ्या, तारीख-जागा लिहा, वन विभागाला कळवा. त्या चिखलातले बूट वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यावर नेऊ नका.

घाईने निष्कर्ष काढू नये याचं उदाहरण हॅम्बुर्गचं. २००५च्या एप्रिलमध्ये तिथल्या एका तळ्याकाठी हजारावर भेक फुगून चक्क फुटले. विषाणू, बुरशी, दूषित पाणी, सगळे संशय घेऊन झाले. पशुवैद्य फ्रँक मुट्शमान यांनी मेलेले भेक तपासले तर प्रत्येकाच्या पाठीला एक नेमकं भोक आणि आत यकृत गायब. कावळे चोच घालून यकृत तेवढं काढत होते. भेक बचावासाठी अंग फुगवायचा आणि त्या भोकातून आतडी बाहेर यायची.

१२. भेकापासून माणसाला रोग होतो का?

रेबीज नाही, तो सस्तन प्राण्यांचा. कायट्रिडही माणसाला लागत नाही. साल्मोनेला जिवाणू मात्र अंगावर असू शकतो, म्हणून हात धुणं. आणि कुणी जखमेवर किंवा डोळ्यावर बेडकाचं मांस बांधायला सांगितलं तर ऐकू नका. त्यातून फीतकृमीची अळी माणसाच्या अंगात शिरते, पूर्व आशियात तसे रुग्ण आढळले आहेत.

१३. उसाला हुमणी फार आहे. भेक आणून सोडले तर?

माळशिरस, पंढरपूर, मोहोळ, सगळीकडून हा प्रश्न येतो. हाच विचार १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये झाला होता. हुमणीच्याच जातकुळीतल्या भुंगेऱ्यांसाठी हवाई बेटांवरून ‘केन टोड’ नावाचे शंभरेक भेक आणले. भुंगेरे उसाच्या शेंड्याला, अळ्या जमिनीत मुळाला, आणि भेक मधल्या रिकाम्या जागेत. भुंगेरे राहिले, भेक कोट्यवधी झाले. त्यांना खाऊन तिथले साप, घोरपडी, मार्सुपियल (पोटाला पिशवी असणारी) मांजरं मेली. पसरण्याच्या आघाडीवरचे भेक लांब पायांचे होत गेले, हे रिचर्ड शाइन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवलं.

आपला भेक इथलाच आहे, तो विध्वंस करणार नाही. पण अळी जमिनीत असते आणि भेक खणून खात नाही. वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे खाली पडले तर तो खातो, तेवढीच मदत. प्रकाशसापळा लावा, फांद्या हलवून भुंगेरे गोळा करा. असलेले भेक फवारणीने मारू नका, बाहेरून आणायची गरज नाही.

१४. म्हणजे आपला भेक कुठेच उपद्रवी नाही?

आहे. याच प्रजातीचे भेक २०१०च्या सुमारास मालवाहतुकीतून मादागास्करला पोचले, २०१४ मध्ये ते उघडकीला आलं. जनुकांवरून ते भारतातून नव्हे, कंबोडिया-व्हिएतनामच्या बाजूने गेलेले दिसतात. मादागास्करमध्ये मूळचा एकही खरा भेक नाही, त्यामुळे तिथल्या प्राण्यांकडे प्रश्न ६ मधलं बदललेलं कुलूप नाही. ७७ स्थानिक प्रजातींची जनुकं तपासली, एक कुरतडणारा प्राणी सोडला तर सगळ्या विषाला बळी पडू शकणाऱ्या निघाल्या.

१५. पूर्वी बेडकावरून बाई गरोदर आहे का ते बघायचे, ही थाप ना?

थाप नाही. अर्जेंटिनाच्या कार्लोस गाली मैनिनी यांनी १९४७ मध्ये ती पद्धत दिली. बाईची लघवी नर भेकाला टोचायची, ती गरोदर असेल तर काही तासांत भेकाच्या लघवीत शुक्राणू दिसतात. भेक मरत नाही, काही दिवसांनी पुन्हा वापरता येतो. आफ्रिकेतल्या ज्या ‘टोड’चं नाव या संदर्भात येतं तो खरा भेक नव्हेच, दुसऱ्या कुळातला आहे.

१६. नर भेकाची मादी होते, हे व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. फेकलंय का?

आपोआप होत नाही. पण नर भेकाच्या वृषणाच्या टोकाला ‘बिडरचा अवयव’ नावाचा न वाढलेल्या अंडाशयाचा तुकडा असतो, हे या कुळाचं वैशिष्ट्य. वृषण काढून टाकले तर काही प्रजातींत तो वाढून अंडाशय होतो. जिनिव्हात किटी पोन्स यांनी १९२०च्या दशकात हे करून दाखवलं. प्राणिशास्त्राच्या वर्गात हे सांगितलं की मागच्या बाकावरचेही मान वर करायचे.

१७. किल्लारीच्या वेळी भेकांना आधी कळलं असेल का? इटलीत तसं सिद्ध झालंय म्हणतात.

३० सप्टेंबर १९९३ची ती पहाट, विसर्जन करून लोक झोपलेले. सोलापूरकर तो हादरा विसरलेले नाहीत, म्हणून हा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही.

इटलीचं असं. एप्रिल २००९ मध्ये लाक्विला इथे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथून ७४ किलोमीटरवरच्या तळ्यावर रेचल ग्रँट भेकांच्या विणीचा अभ्यास करत होत्या. भूकंपाच्या पाच दिवस आधी तळ्यावरचे ९६ टक्के नर निघून गेले. निरीक्षण खरं आहे. पण एक तळं, एक भूकंप. भेक थंडीने, वाऱ्याने, चंद्रानेही तळं सोडतात. आणि सप्टेंबरअखेरीला आपल्याकडे भेकांची वीण बरीचशी उरकलेली असते, त्यामुळे ‘गेले’ हे कुणाला कळणार? पायरीवरचा भेक दोन दिवस आला नाही तर घाबरून फोन करू नका. बहुधा लाइट गेलेली असते.

१८. शेततळ्याच्या प्लास्टिकवर भेक चढू शकत नाहीत, बुडून मरतात. काय करता येईल?

एका कोपऱ्यात काठावर दगडाला बांधून जुनं गोणपाट पाण्यात सोडा, निदान हातभर बुडलेलं राहील असं. सुतळीचंच घ्या, प्लास्टिकचं पोतं घसरतं. विहिरीत काथ्याचा जाड दोर चालतो, मध्ये मध्ये गाठी मारून. बार्शीकडच्या एका शेतकरी ताईंनी गोणपाट टाकल्यावर दुसऱ्या सकाळी फोटो पाठवला होता: गोणपाटावर एकाखाली एक सात भेक, सर्वांत वरचा अर्धा काठावर. पाणी वाढलं की गोणपाट वर ओढून पुन्हा बांधायला विसरू नका.